भूत शुक्रवारी यायचं नाही

दुपारी दोन ते चार मला झोप लागते. दुकानातल्या खुर्चीत, पंख्याखाली, तोंड उघडं टाकून. गिऱ्हाईक आलं तर शेजारचा घड्याळवाला येऊन मला हलवतो. अशा माणसाला बुऱ्हाणपुरात लोक कॉम्प्युटरच्या झोपेतला जाणकार समजतात. ‘मशीन झोपत नाही’, ‘झोपलं तर उठत नाही’, ‘मधेच आपोआप उठतं’ अशी तक्रार असली की शाहपुरापासून धूलकोटपर्यंतचे लोक माझ्याकडे येतात. माझी बायको म्हणते, आधी स्वतःचं बघा.

बत्तीस वर्षं या धंद्यात काढली. सुरुवात रेडिओ-टेपरेकॉर्डरपासून झाली, पण ते सगळं सांगत बसत नाही. माझ्या हातून जे बिघडलं ते दुरुस्त झालेल्यापेक्षा मला जास्त आठवतं आणि लोकांना ऐकायलाही तेच आवडतं.

आधी झोप म्हणजे काय ते सांगतो. कॉम्प्युटर बंद करणं वेगळं आणि झोपवणं वेगळं. बंद केला की टेबलावरचा पसारा आवरून कपाटात जातो. झोपवला की पसारा जागच्या जागी राहतो, फक्त दिवे मालवतात. अर्धवट लिहिलेलं पत्र अर्धवटच राहतं. उठवलं की त्याच शब्दावर उघडतं. त्यासाठी आत नावापुरती वीज चालू ठेवावी लागते, एवढंच.

आता उठवायचं कोणी? बटणाने उठतो, कीबोर्डच्या कळीने उठतो, माउस हलला की उठतो, घड्याळाची वेळ लावली तर त्या वेळेला उठतो. लिनक्स नावाची जी फुकटातली व्यवस्था आहे, तिच्यात ही उठवणाऱ्यांची यादीच उघडून बघता येते. प्रत्येकाच्या नावापुढे परवानगी आहे की नाही ते लिहिलेलं असतं आणि एका ओळीच्या आज्ञेत ती देता येते किंवा काढून घेता येते. ही यादी उघडता येते म्हणून मी स्वतःला शहाणा समजत आलो.

या शहाणपणाची पहिली परीक्षा धूलकोटच्या एका शाळेत झाली. तिथल्या हेडमास्तरांना कॉम्प्युटर रोज साडेदहाला आपोआप उठून प्रार्थना वाजवणारा हवा होता. मी मशीनच्या आतल्या घड्याळात साडेदहा लावले, चहा घेतला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पोरं हात जोडून उभी, मशीन ढिम्म. चार वाजता शाळा सुटली, पोरं दप्तरं घेऊन पळाली आणि मशीनने प्रार्थना सुरू केली. निम्मी पोरं फाटकात हात जोडून उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. मी फोनवर हेडमास्तरांना सांगितलं, “सर, मशीन थोडं जुनं आहे, सुस्तावतं.” मग रात्रभर विचार केल्यावर डोक्यात प्रकाश पडला. लिनक्स आतलं घड्याळ विलायतेच्या वेळेवर ठेवतं आणि आपल्यात नि त्यांच्यात साडेपाच तासांचं अंतर. मशीन बिचारं वेळेवर उठत होतं, फक्त आपल्या नाही. हेडमास्तर अजून भेटले की विचारतात, “क्यों भास्करभाऊ, आज कोणत्या देशाची वेळ?”

ही झाली हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. दुसरी तशी नाही, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो.

आमच्या गावात एक दादा राहतात. कागद कारखान्यात नोकरी केली, मूळ घराणं महाराष्ट्रातलं, निवृत्तीनंतर इथे घर घेतलं. चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ वळेना. डोकं मात्र पहिल्यासारखं तल्लख. डाव्या हाताने लिहून बघितलं, पण ते त्यांचं त्यांनाच वाचता येईना. जन्मभर कागद बनवला आणि शेवटी कागदाचाच उपयोग नाही, असं त्यांची बायको म्हणायची. तिला आम्ही काकू म्हणतो. मग पुण्याच्या मुलाने एक डेस्कटॉप आणून दिला. दादा डाव्या हाताच्या एका बोटाने कळा दाबतात, स्क्रीनवर मोठी अक्षरं उमटतात आणि मशीन ती वाचून दाखवतं. आवाज डब्यातून बोलल्यासारखा, पण काकूंना स्वयंपाकघरात ऐकू जातो. मुलाने आणखी एक गंमत करून ठेवली होती. मशीन झोपेतून उठलं की आपणहून म्हणायचं, “बोला, दादा.”

दादांकडे रोज येणारा माणूस एकच, कारखान्यातला जोडीदार पुंडलिकराव. त्यांचे कान कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजाने गेलेले. म्हणजे एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही. पण दादा लिहायचे, पुंडलिकराव वाचायचे आणि मोठमोठ्याने उत्तर द्यायचे. दोन-दोन तास चालायचं. वादात हार दिसायला लागली की दादा कीबोर्डवरची झोपेची कळ दाबायचे. स्क्रीन काळी. पुंडलिकराव ओरडायचे, “पाहा काकू, पळून गेला! बोलायला जागा राहिली नाही की हा असाच करतो!” काळी स्क्रीन म्हणजे दादा रुसले, हे दोघांमध्ये ठरलेलंच होतं.

मला बोलावणं आलं ते काकूंकडून. दुकानात आल्या त्या घाबरूनच.

“भास्करभाऊ, मशीनमध्ये काहीतरी शिरलं. खोलीत कोणी नसतं आणि ते आपोआप चालू होऊन जातं. म्हणतं, बोला दादा. दादा आत झोपले राहतात आणि हे इकडे बोलून राहिलं!”

“केव्हा होतं?”

“केव्हाही. सकाळी, दुपारी. शुक्रवारी नाही करत.”

शुक्रवारचं ऐकून मी हसलो. भूत काय सरकारी नोकरीत आहे का सुट्टी घ्यायला, असं काहीतरी म्हणालो. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण आपल्या धंद्यात गिऱ्हाईक सांगतं त्यातलं निम्मं सोडून द्यायची वाईट सवय लागते आणि बऱ्याचदा सोडलेल्या निम्म्यातच खरं असतं.

मी गेलो. मॉनिटरला लिंबू-मिरची टांगलेली. मशीन झोपवलं, समोर बसून राहिलो, तीन कप चहा झाले, मशीन गाढ झोपेत. आतली धूळ साफ केली, मेमरीची पट्टी काढून घातली, फी सार्थकी लागावी म्हणून एक वायर उगाच बदलली. पुढच्या आठवड्यात काकूंची तीच तक्रार. परत गेलो, परत काही नाही. दोन्ही वेळेला वार शुक्रवार होता. कारण शुक्रवारी आमच्या बाजारात वर्दळ कमी असते आणि बाहेरची कामं मी त्याच दिवशी काढतो.

तिसऱ्यांदा मंगळवारी गेलो. मशीन किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं याची नोंद लिनक्समध्ये आपोआप होत असते. ती काढून वेळा वहीत उतरवत बसलो होतो. तेवढ्यात लाईट गेली. दादांकडे इन्व्हर्टर असल्यामुळे आमचं चालू होतं. शेजारी सलीमभाईंचा पॉवरलूमचा कारखाना, मधली भिंत एकच. माग थांबले तसे सलीमभाई गप्पा मारायला दारात आले. काकूंनी त्यांना पाणी दिलं. वहीत डोकावून ते म्हणाले, “ये क्या टाइम लिखे हैं? कल साढ़े बारह पे तो हमारी लाइट आई थी।”

मी दुसरी वेळ वाचली. “और परसों सवा तीन?”

“परसों भी। सवा तीन पे ही मशीन चालू करी।”

मी मशीन झोपवलं आणि भिंतीला तळहात लावून बसलो. वीस मिनिटांनी लाईट आली, पलीकडे सगळे माग एकदम सुरू झाले, त्या पहिल्या हिसक्याने भिंत थरथरली, भिंतीला टेकलेलं टेबल थरथरलं, टेबलावरचा माउस केसभर सरकला आणि मशीन म्हणालं, “बोला, दादा.”

आणि शुक्रवारी माग बंद असतात. जुम्मा.

दादा इतके हसले की काकू पळत आल्या. सलीमभाई म्हणाले, “भास्करभाई, टेबल थोड़ा सरका दो ना। दीवार से चार उँगल दूर। हो गया काम।”

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. कारण मी त्यांच्याकडे बघून मोठ्या समजूतदारपणे हसलो आणि म्हणालो, “वो टेम्पररी इलाज है, सलीमभाई।”

टेबल सरकवायला जाणकार कशाला हवा? मला यादी उघडायची होती. उघडली. माउस आणि कीबोर्ड दोघेही एकाच दाराने आत येतात, त्या दाराला एकच नाव असतं. मी त्या नावाची परवानगी काढून घेतली. मशीन बंद करून चालू केलं की ही परवानगी परत येते हे मला ठाऊक होतं, म्हणून चार ओळी लिहून ठेवल्या, जेणेकरून दर वेळी ती आपोआप काढली जावी. मग मशीन झोपवलं. माउस घुसळला, टेबलावर मूठ आपटली. उठलं नाही. टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबलं. उठलं. “बोला, दादा.” मी काकूंना म्हणालो, “गेलं भूत. कायमचं.”

कीबोर्डची कळ दाबून बघितली नाही. एक कळ. ज्या माणसाचं उजवं अंग चालत नाही, ज्याचा डबा टेबलाखाली उजव्या बाजूला आहे, त्याच्यासाठी तेवढी एक कळच होती. शेजारच्याचं पोर आत येतं म्हणून मी घराच्या मुख्य दाराला कुलूप घातलं आणि घरचा माणूस बाहेर राहिला हे मला दिसलं नाही. पुढचे दोन दिवस कळलंही नाही, कारण घरात काकू असायच्या. त्या येता-जाता बटण दाबून द्यायच्या, त्यांना वाटलं आता अशीच रीत आहे. मी मात्र घड्याळवाल्याला, चहावाल्याला, बायकोला भुताची गोष्ट रंगवून सांगत होतो. प्रत्येक वेळी सलीमभाई थोडे लहान आणि मी थोडा मोठा होत होतो.

शुक्रवारी दुपारी पावणेचारला काकूंचा फोन आला. मी खुर्चीत झोपलेलोच होतो.

“भाऊ, लवकर या. दादा रडून राहिले.”

गेलो. दादा खुर्चीत. डोळे लाल. समोर काळी स्क्रीन. काकू सकाळी अकराला दादांच्या हयातीच्या दाखल्याचं विचारायला बँकेत गेल्या होत्या, तिथे रांग, येईपर्यंत साडेतीन झाले होते. त्या दारात पोहोचल्या तेव्हा दादा डाव्या मुठीने कीबोर्ड बडवत होते.

मी वाकून बटण दाबलं. “बोला, दादा,” मशीन म्हणालं. आणि स्क्रीनवर सकाळपासून लिहून ठेवलेलं, जसंच्या तसं उघडलं:

‘पुंड्या, परवा तू जाण्याचं सांगितलंस आणि मी स्क्रीन बंद केली. चूक माझी. पोरगा बोलावतोय तर जायलाच पाहिजे. राग तुझा नव्हता. तू गेल्यावर मला वाचायला कोण येणार, त्याचा होता. तिथे तंबाखू सोड. पत्र टाक.’

एका बोटाने एवढं लिहायला त्यांना दोन तास लागले असणार. लिहून वाट बघत बसले आणि बराच वेळ कळ दाबली गेली नाही म्हणून मशीन आपोआप झोपलं. पुढचं मला दादांनी मागाहून लिहून सांगितलं. बाराला पुंडलिकराव निरोप घ्यायला आले. सुरतेला मुलाकडे कायमचे निघाले होते. दादांनी कळ दाबली. दुसरी दाबली. सगळ्या दाबल्या. मग स्क्रीनकडे बोट दाखवलं, कीबोर्ड आपटला. पुंडलिकरावांना एवढंच दिसलं की स्क्रीन काळी आहे, दादा अजून रागावलेले आहेत आणि आता तर आदळआपट करत आहेत. अर्धा तास बसून ते उठून गेले.

दादांनी माझ्याकडे न बघता दोन शब्द लिहिले. मशीनने वाचले. “स्टेशन. साडेचार.”

मी मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढला आणि स्कूटर काढली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टेशन लालबागेत, तिथपर्यंतच्या रस्त्यात केळीचे दोन ट्रक आडवे, मधे एक वरात. माझ्या आयुष्यात मी स्कूटरवर कधी कोणाला शिव्या दिल्या नाहीत, त्या दिवशी घोड्यावरच्या नवरदेवाला दिल्या.

गाडी लागलेली होती. पुंडलिकरावांना हाका मारून उपयोग नव्हता, त्यामुळे डब्याडब्यात, खिडकीखिडकीत तोंड घालत पळालो. सातव्या डब्यात खिडकीशी बसले होते, मुलगा सामान लावत होता. मी गजांतून मोबाईल आत दिला आणि फोटोकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा शोधला. चष्मा पुसला. वाचायला लागले, ओठ हलवत, एकेक शब्द.

आणि मोबाईलची स्क्रीन काळी झाली.

बॅटरी वाचावी म्हणून पंधरा सेकंदांवर मीच ठेवलेली होती. पुंडलिकरावांनी मोबाईल उलटासुलटा केला, मग माझ्याकडे बघितलं आणि डब्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “इथंही बंद केली त्यानं?”

मला तिथल्या तिथे गाडीखाली जावंसं वाटलं. माझ्या मोबाईलला कुलूप, ते फक्त माझ्या अंगठ्याने उघडतं. मी गजांतून हात घालून अंगठा लावला. उघडला. ते वाचायला लागले. परत काळी. परत अंगठा. शिट्टी झाली. गाडी हलली. मी छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस, एक हात खिडकीत घालून गाडीबरोबर चालायला आणि मग पळायला लागलो, दर पंधरा सेकंदांनी अंगठा लावत. मुलगा ओरडत होता, “काका, छोडो, गिर जाओगे!” पुंडलिकरावांनी शेवटची ओळ संपवली, मोबाईल माझ्या हातात कोंबला आणि चष्मा काढला. “त्याला म्हणा, वाचलं,” ते म्हणाले. “सगळं वाचलं म्हणा.”

फलाटाच्या टोकाशी मी बाकावर बसून राहिलो. एका हमालाने मला पाणी दिलं आणि विचारलं, “कौन गया, भाई?” मी पाणी पिऊन स्कूटरकडे निघालो.

परत आलो तेव्हा दादा तसेच बसले होते. मी म्हणालो, “सगळं वाचलं म्हणाले.” त्यांनी डोळे मिटले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी हात जोडून म्हणालो, “दादा, माझी चूक झाली.” माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती फार हळू आवाजात निघाली. दादांनी डावा हात कीबोर्डवर नेला. बराच वेळ गेला. मग डब्यातला आवाज म्हणाला, “तुमच्यापेक्षा भूत बरं होतं.”

काकू दचकल्या. दादांच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. मलाही हसू आलं आणि त्या हसण्यातच कुठेतरी रडूही आलं, ते मी लपवलं नाही.

मी कीबोर्डला परवानगी दिली. या वेळी दाराच्या नावाने नाही, प्रत्येकाच्या वेगळ्या नावाने, आणि दादांच्या हाताने कळ दाबून बघितली, तीन वेळा. माउसला तशीच बंदी राहू दिली. सामान पिशवीत भरत होतो तेव्हा मशीन पुन्हा बोललं.

“माउस पण सुरू करा.”

“अहो दादा, मग शेजारचे माग चालू झाले की परत आपोआप उठेल.”

दादा लिहू लागले. सहा-सात मिनिटं मी पिशवी धरून उभा होतो.

“उठू द्या. पुंड्या गेला. आता बोला म्हणणारं तेवढंच राहिलं.”

मी काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “राहू द्या भाऊ, मला आता सवय होऊन गेली,” आणि मॉनिटरची लिंबू-मिरची काढायला लागल्या.

माउसला परवानगी दिली. माझ्या त्या चार ओळी पुसून टाकल्या. तीन फेऱ्या, एक वाया गेलेली वायर आणि एवढं शहाणपण खर्चून मशीन जसं होतं तसं करून दिलं. पण माग बंद असल्यामुळे ते बघायला मिळेना. म्हणून शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मुद्दाम गेलो. टेबल भिंतीपासून थोडं सुटलेलं होतं, ते पुन्हा टेकवून ठेवलं. दादा समोर बसले होते, काकू चहा गाळत होत्या. पलीकडे सलीमभाईंचे माग सुरू झाले. भिंत थरथरली, माउस केसभर हलला, स्क्रीन उजळली.

“बोला, दादा.”

दादांनी डावा हात पुढे केला आणि पुंडलिकरावांना पत्र लिहायला घेतलं.